रुखवताच्या फळीवरचा कंप्यूटर

मुलींचं वसतिगृह, पुणे
८ सप्टेंबर १९९८

ती. आप्पांना शरणार्थ.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नका. रागवायचंच असेल तर पुढचं वाचून मग काय ते एकदाच रागवा.

मला कंप्यूटर पाहिजे. खोलीत. लवकर.

हा हट्ट नाही, आप्पा. कॉलेजात लॅब आहे, लॅबमध्ये कंप्यूटर आहेत आणि प्रत्येक कंप्यूटरसमोर एक मुलगा आहे. एसटीत रुमाल टाकतात तशी सकाळीच वही ठेवून जागा धरतात. आम्हाला संध्याकाळी सातला वसतिगृहाच्या फाटकाच्या आत यावं लागतं. मुलं मात्र पुढं खुशाल बसून असतात. एकदाची जागा मिळते तेव्हा आमची निघायची वेळ झालेली असते. 'कुणाचा प्रोग्रॅम चालला नाही?' असं सरांनी विचारलं की वर होणारे सगळे हात बांगड्यांचे. नोव्हेंबरच्या शेवटी प्रॅक्टिकलची परीक्षा आहे. केजच्या स्टँडवर तुम्ही चार माणसांत बजावलंय, एक विषय जरी गेला तरी सामान बांधायचं, मग आम्ही आहोत आणि स्थळं आहेत. ते माझ्या चांगलं लक्षात आहे. म्हणूनच मागतेय.

रेक्टर मॅडमचा नियम असा की एका खोलीत एकच कंप्यूटर. आमच्या खोलीत प्लगही एकच आहे, त्यामुळे नियम नसता तरी तेच झालं असतं. खोलीत आम्ही दोघी. दुसरी मंजुषा, आपल्या तेलगावची. तिचे वडील शहादेव मुकादम ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन जातात. ज्या घरून आधी येईल तो ठेवायचा आणि दोघींनी वापरायचा असं आमचं ठरलंय.

साधा चालेल. पडदा काळा-पांढरा चालेल. गाणी वाजायची गरज नाही. इथं एका गल्लीत सुटे भाग जोडून देतात, वर्गातल्या निम्म्या जणांनी तसाच घेतलाय. तुम्ही फक्त हो म्हणा.

प्रणिता


॥ श्री मन्मथ माउली प्रसन्न ॥
केज, १७ सप्टेंबर १९९८

चि. प्रणितास आप्पाचे आशीर्वाद.

पत्र पावलं. दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळ्यांना आनंद झाला.

पहिली गोष्ट, सुटे भाग जोडून घ्यायचा विषय पुन्हा काढायचा न्हाई. भांड्यांच्या धंद्यात माझे केस पांढरे झाले. फुटक्या जागी डाग दिलेली घागर मी कधी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली न्हाई, मग पोटच्या पोरीला जोडलेली वस्तू देऊ का?

कोणता घ्यावा यावर इथं बाजारात दुसरं बोलणं न्हाई. तुझ्या संगमेश मामाचं टायपिंगचं इन्स्टिट्यूट असल्यामुळं त्याचा शब्द शेवटचा. तो म्हणतो, रंगीत पाहिजे, दोन्ही अंगांना स्पीकर पाहिजेत आणि वरचं नाव परदेशी पाहिजे. मी स्वतः बीडला जाऊन पाहून आलो. एक उचलला तर हलका भरला. बोटानं वाजवून पाहिला तर आवाज पत्र्याचा. दुकानदार म्हणाला, "शेठ, वाजवू नका." ज्याला आपला माल वाजवलेला चालत न्हाई त्याच्या पायरीवर मी थांबत नसतो. निघून आलो.

तेलगावचा मुकादम माणूस वाईट न्हाई. पण गुरुपादअण्णाची पोरगी मुकादमाच्या कंप्यूटरवर शिकली असं केजात कुणी म्हणायला नको. आधी आपलाच गेला पाहिजे.

सध्या पितृपंधरवडा हाय. आपण मानत न्हाई, पण गिऱ्हाईक मानतं. तेव्हा दसऱ्याला घेतो. तोवर मन लावून अभ्यास कर. कंप्यूटर नव्हते तेव्हाही माणसं शिकलीच की.

तुझा आप्पा


पुणे, २५ सप्टेंबर १९९८

ती. आप्पांना शरणार्थ.

आप्पा, कंप्यूटर वाजवून घेत नसतात! तुमचं पत्र वाचून आधी मंजुषा हसली, मग मला हसू आलं, मग एकटीलाच रडू आलं. परवाच्या चाचणीत माझा प्रोग्रॅम कागदावर बरोबर होता आणि कंप्यूटरवर एक ओळसुद्धा चालली नाही. सर म्हणाले, "हात बसलेला नाही तुमचा." बसेल कुठून? हात ठेवायला जागा तर पाहिजे!

दसऱ्याला घेताय ना? घ्या. तुम्हाला हवा तो घ्या, जड घ्या, रंगीत घ्या. पण दुसऱ्याच दिवशी जीपमध्ये घालून मामासोबत पाठवा. एवढंच करा माझ्यासाठी.

प्रणिता


॥ श्री मन्मथ माउली प्रसन्न ॥
केज, ७ ऑक्टोबर १९९८

चि. प्रणितास आप्पाचे आशीर्वाद.

अभिनंदन! दसऱ्याला कंप्यूटर आला. असा वजनदार की दोन हमाल लागले. रंग बघशील तर डोळ्यांचं पारणं फिटंल. जीप दुकानासमोर थांबली तेव्हा रस्ता तुंबला होता.

आता पाठवण्याचं. दसऱ्याला घरात आलेली वस्तू लक्ष्मीपूजनाआधी उंबऱ्याबाहेर काढायची म्हणजे लक्ष्मीला हातानं वाट दाखवणं. मी एरवी असलं काही मानत न्हाई, पण तुझी आई मानते आणि संगमेश म्हणतो की मशीनलाही जरा इथली हवा मानवू द्यावी. तोवर दुकानात ठेवलाय. रुखवताची भांडी मांडतो त्या फळीवर ट्यूबलाइट हाय, तिथं शोभून दिसतो. एका बाजूला तांब्याचा बंब, दुसऱ्या बाजूला पुरणाचं यंत्र. लोक केज तालुक्यातून बघायला येतात आणि जाताना निदान एक तांब्या तरी घेऊन जातात.

तुझ्या आईनं पडद्याला भस्माचे तीन पट्टे ओढले आणि बेलाचं पान वाहिलं. पान खाली पडत होतं, तेव्हा समोर जी बारीक फट हाय तीत तिनं ते व्यवस्थित बसवलं. म्हणाली, त्यासाठीच असंल.

तुझा आप्पा


पुणे, १४ ऑक्टोबर १९९८

आप्पांना शरणार्थ.

आधी ते बेलाचं पान काढा! ती फ्लॉपी घालायची जागा आहे. चिमट्यानं काढा, मामाला काढू देऊ नका.

मी दिवाळीला येत नाही. सुट्टीत मुलं घरी जातात आणि लॅब रिकामी राहते, म्हणून थांबतेय. आईला सांगा, फराळ एसटीनं पाठव. कंप्यूटर बंबाशेजारी आणि मी इथं लॅबच्या दाराशी, असं किती दिवस चालायचं? तांबे खपायला मी शिकतेय का? वाईट वाटलं तर वाटू द्या, मलाही वाटतंय.

प्रणिता


॥ श्री मन्मथ माउली प्रसन्न ॥
केज, २५ ऑक्टोबर १९९८

चि. प्रणितास आशीर्वाद.

पत्रातली भाषा बरी नव्हती. हे पत्र दुकानात वाचून दाखवलं न्हाई.

लक्ष्मीपूजन थाटात झालं. पान निघालं, निम्मं. उरलेलं आत गेलं, पण संगमेश म्हणतो त्यानं काही बिघडत न्हाई, उलट चांगलंच. तो रोज येऊन मशीन चालू ठेवतो, पत्त्यांचा एक खेळ हाय त्यात. मी पण दोन डाव बघितले. डोकं लावावं लागतं.

आता नेण्याचा घोळ. एसटीच्या टपावर टाकता येत न्हाई. जीपवाला म्हणतो, तुळशीचं लग्न होऊ द्या, सध्या टोळ्यांची गर्दी हाय. तेव्हा थोडी कळ काढ.

तुझा आप्पा


पुणे, १ नोव्हेंबर १९९८

ती. कावेरी अक्कास,

अक्का, हे पत्र तुझ्यापुरतं. नेकनूरला आहेस म्हणून बरं, केजला असतीस तर ते पण दुकानात वाचून झालं असतं.

आमच्या खोलीत कंप्यूटर आला. आपला नाही, मंजुषाचा. तिचे वडील टोळी घेऊन कारखान्याकडं निघाले होते. वाटेत पुण्यात ट्रक थांबवला. ट्रकात माणसं, कोयते, पेट्या, कोंबड्या आणि सगळ्यात वर गोधडीत गुंडाळलेला कंप्यूटर. कुठल्याशा ऑफिसनं जुना म्हणून काढून टाकलेला. पडदा काळा-पांढरा, बटणांवरची अक्षरं पुसलेली. फाटकाच्या आत पुरुषांना येऊ देत नाहीत, म्हणून टोळीतल्या बायकांनी उचलून वर आणला. मुकादमकाका फाटकातूनच म्हणाले, "दोघी बी वापरा गं पोरींनो," आणि गेले. चहासुद्धा घेतला नाही.

अक्का, तो चालतो! सुरू व्हायला वेळ लावतो, पण चालतो. माझा प्रोग्रॅम काल पहिल्यांदा चालला तेव्हा मी मंजुषाला मिठीच मारली. आम्ही पाळ्या लावल्यात. आता मी पास होणार, नक्की होणार.

पण आप्पांना कसं सांगू? इतक्या हौसेनं घेतलाय त्यांनी. आणि आला तो नेमका मुकादमाचा. त्यांना फार लागेल गं. म्हणून ठरवलंय, मागणंच बंद करायचं. मी मागितला नाही की ते पाठवणार नाहीत, आणि त्यांच्या फळीची शोभा पण राहील. तू बोलू नकोस.

तुझी पनू


पुणे, १ नोव्हेंबर १९९८

ती. आप्पांना शरणार्थ.

मागच्या पत्रात जास्त बोलले, माफ करा. कंप्यूटरची काही घाई नाही. सवडीनं आणा. नाही आणला तरी चालेल. घरी आहे तो घरातच आहे, माझं मन आता शांत आहे. आईची तब्येत कशी आहे? तिच्या हातच्या शेंगदाण्याच्या पोळ्यांची आठवण येते. कशा करायच्या ते या खेपेला शिकून घेईन म्हणते.

प्रणिता


॥ श्री मन्मथ माउली प्रसन्न ॥
केज, ९ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. कां. प्रणितास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोळे भरून आले. केवढा समजूतदारपणा आला तुला! तुझ्या आईनं पत्र दोनदा वाचायला लावलं. ती म्हणाली, "पोरगी कंप्यूटर मागंना झाली, पोळ्या शिकते म्हणाली. तिच्या मनात काय हाय ते आईला कळतं." मला आधी उमगलं न्हाई, मग पटलं. पोरी असल्या गोष्टी तोंडानं बोलत नसतात.

बाकी सगळं भेटीत. तू काही काळजी करू नको, जे होईल ते तुझ्या मनासारखंच होईल. कावेरीला बोलावून घेतलंय.

तुझा आप्पा


नेकनूर, १७ नोव्हेंबर १९९८

पनू,

अगं बये, तू काय लिहून बसलीस! पोळ्यांचं कावून लिहिलंस? मागणं सोडलंस ते सोडलंस, वर 'मन शांत आहे' कशाला? आईनं आणि आप्पांनी त्याचा अर्थ लावला की तुला लग्न करायचं हाय. एका आठवड्यात पाहुणे घरी!

आधीपासून लिहिते. तो कंप्यूटर रुखवताच्या फळीवर बसला तिथंच घोळ झाला. त्या फळीवर जे मांडलं ते लग्नाचं, एवढंच लोकांना ठाऊक. बाजारभर बोभाटा झालता की गुरुपादअण्णांनी पोरीच्या रुखवतात कंप्यूटर मांडला. आप्पांच्या ध्यानात आलं न्हाई, त्यांना फक्त ट्यूबलाइट दिसत होती. मग एक अडतवाले पाहुणे निरोप धाडायला लागले, पोराचं नाव केदारनाथ. आप्पा टाळत होते. तुझं पत्र आलं आणि 'या' म्हणाले.

परवा आलते. मी पोहे घेऊन गेले तर घरात कुणीच न्हाई, सगळे दुकानात. पोरगी फोटोत पाहिली, कंप्यूटर समक्ष पाहिला. केदारनाथ स्टुलावर बसून संगमेश मामाबरोबर पत्त्यांचा खेळ खेळत होता. माणूस वाईट न्हाई वाटला, खरं सांगते. हरला की हसत होता.

मग त्याचे वडील म्हणाले, "पसंत हाय. लग्न उन्हाळ्यात धरू. पोरीला आता घेऊन या परत, इतकं शिकून आमच्याकडं करायचं काय? कंप्यूटर अडतीवर ठेवतो, केदारनाथ शिकंल त्याच्यावर." आप्पा हो म्हणाले. हो, पनू, म्हणाले. तुझं पत्र माझ्या पिशवीतच होतं आणि तू बोलू नको म्हणलीस म्हणून मी मुकी. लई राग आला तुझा, आणि माझा त्याहून जास्त.

तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "मग शेठ, आजच नाव घालून टाका की. चार माणसांच्या देखत पक्कं होऊन जाऊ द्या."

आप्पांनी नाव घालायचं मशीन काढलं. तू इतके वर्ष बघितलंयस, भांडं मांडीवर घेतात, चष्मा खाली ओढतात. तसाच तो कंप्यूटरचा खोका मांडीवर घेतला आणि सवयीनं विचारलं, "नाव काय घालायचं?" म्हातारा म्हणाला, "चिरंजीव केदारनाथ." आप्पांनी मान हलवली. मशीन घर्रर्र करायला लागलं.

म्हातारा वाकून बघायला लागला. "शेठ, हे 'प्र' कुठलं?"

आप्पा घालतच राहिले. पूर्ण घातलं. 'प्रणिता गुरुपाद', खाली 'केज', खाली सन. मग फुंकर मारली, फडक्यानं पुसलं आणि म्हणाले, "झालं बघा."

"हे काय केलंत? आता ही वस्तू आमच्या काय कामाची?"

"हात बसलाय त्या नावावर," आप्पा म्हणाले. "आणि घातलेलं नाव निघत न्हाई, धंद्याचा नियमच हाय."

पोहे तसेच राहिले. संगमेश मामानं नंतर दोन ताटल्या खाल्ल्या.

आप्पांनी ते तुझ्या मायेपोटी केलं, का इतके दिवस निवडून आणलेला माल दुसऱ्याच्या अडतीवर धूळ खाणार ह्याचा राग आला, मला अजून कळलं न्हाई. आप्पांना पण कळलं नसावं. म्हणतात, पुढच्या रविवारी जीप करून तुझ्याकडं घेऊन येणार. तेव्हा आता तूच काय ते खरं लिही, मी न्हाई.

अजून एक. माझ्या लग्नातल्या एकूण एक भांड्यावर आप्पांनी नाव घातलं. सासऱ्यांचं आणि ह्यांचं. मी शेजारी बसून एकेक भांडं पुसून देत होते, हसत हसत. तवा काही वाटलं न्हाई. परवा वाटलं. रात्रभर वाटत राहिलं. तुला सांगितलं, बास.

अक्का


पुणे, २० नोव्हेंबर १९९८

ती. आप्पांना शरणार्थ.

आप्पा, कंप्यूटर आणू नका. खोलीत एक आहे. मंजुषाचा. दिवाळीनंतर लगेच आला. तुम्हाला लागेल म्हणून मी लिहिलं नाही. मागणं सोडलं ते एवढ्यासाठीच, आईला वाटलं तशासाठी नाही. आईला हे तुम्हीच सांगा, मला धीर होत नाही. तो जुना आहे, काळा-पांढरा आहे, पण माझे प्रोग्रॅम त्याच्यावर चालतात. आणि खोलीत एकच ठेवू देतात. तुम्ही एवढ्या लांब जीप करून याल आणि मला फाटकावरूनच तुम्हाला परत पाठवावं लागेल, ते माझ्यानं होणार नाही.

मला शिकायचं आहे, आप्पा. नापास झाले तरी शिकायचं आहे.

परीक्षा पंचवीसला सुरू होते.

प्रणिता


॥ श्री मन्मथ माउली प्रसन्न ॥
केज, ३० नोव्हेंबर १९९८

चि. प्रणितास आप्पाचे आशीर्वाद.

पत्र पावलं. जीप रद्द केली.

पाहुणे आलते असं तुला कुणी कळवलं असंल तर ते खरं धरू नको. भांडी बघायला आलते, जमलं न्हाई.

मुकादमाचा कंप्यूटर चालतो हे वाचलं. रंगीत न्हाई म्हणतेस, मग ठीक हाय. त्याला माझा शरणार्थ कळव. टोळ्या परत आल्या की तेलगावला जाऊन यावं म्हणतो. आपला कंप्यूटर इथंच राहील. फळीवरून काढून गल्ल्याशेजारी टेबलावर घेतलाय. त्याच्यावर तुझं नाव पडलं, चुकून पडलं म्हण, त्यामुळं आता विकता पण येत न्हाई. लोक वाचतात आणि विचारतात. मी सांगतो, पोरगी इंजिनियर होते.

विषयाचं म्हणशील तर संगमेशनं चौकशी केली. एखादा गेला तरी सहा महिन्यांनी पुन्हा बसता येतं म्हणे. हे मला आधी माहीत नव्हतं. स्टँडवर मी जे बोललो ते गर्दीत बोललो, गर्दीत माणसाचा आवाज चढतो. तुझ्या आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. संध्याकाळी ती म्हणाली, पोळ्या पाठवून द्या. सोबत पाठवतो.

काल कावेरी आलती. जावई संगं न्हाईत, एकटीच आलती. पिशवीतून तिच्या लग्नातला मोठा पितळी डबा काढला. मला वाटलं कल्हईला आणला. म्हणाली, "आप्पा, नाव घाला." त्याच्या पोटावर तिच्या सासऱ्यांचं नाव मीच घातलेलं हाय, चांगलं ठळक. मी विचारलं न्हाई कुणाचं घालू म्हणून. तिच्या घरी कुणाचं मन दुखायला नको, म्हणून डबा उपडा केला, बुडाला घालावं म्हटलं, कुणाला दिसत न्हाई. तर तिनं डबा माझ्या मांडीवरून उचलला, सरळ ठेवला आणि म्हणाली, "बुडाला नको. झाकणावर घाला."

झाकणावर घातलं. नेकनूरहून अजून काही निरोप आलेला न्हाई. तुझे पेपर कसे गेले ते कळव.

तुझा आप्पा